कायदा राखणाऱ्यांचा वेग

भरधाव मोटार हाकणाऱ्या नागरिकाला वाहतूक पोलीस अडवितो, तेव्हा तो आपले कर्तव्यच करीत असतो. खरा प्रश्न उभा राहतो तो अडविलेल्या मोटारीत दुसरा पोलीस बसलेला असेल तेव्हा. आपल्या संसदेने २०१९ साली या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले आहे. मोटार वाहन कायद्यात त्या वर्षी घातलेल्या २१० ब या कलमानुसार, कायदा राबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्यानेच तो मोडला, तर त्यास दुप्पट दंड होतो. तत्त्व उत्तम आहे. परंतु त्या दंडाची पावती आपल्याच सहकाऱ्याच्या हाती ठेवणार कोण?

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑक्टोबर २०११ मध्ये महामार्ग पोलीस दलातील एका महिलेने ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर वेगाने धावणारी मोटार पाठलाग करून थांबविली. मोटार मायामी शहर पोलिसांची निघाली. चालक गणवेशात होता, पण कामावर नव्हता. तिने त्यास बेड्या घातल्या. पुढे २०१२ मध्ये तो बडतर्फही झाला. पण तत्पूर्वी शिक्षा भोगली ती तिनेच. ऐंशीहून अधिक पोलिसांनी सरकारी नोंदींतून तिची खाजगी माहिती दोनशेहून अधिक वेळा धुंडाळली. धमक्यांनी व दूरध्वनींनी तिला भंडावून सोडले.

या प्रकरणानंतर तेथील ‘सन सेंटिनल’ या दैनिकाने टोलच्या सरकारी नोंदी मिळविल्या आणि दोन नाक्यांमधील अंतर व लागलेला वेळ यांवरून पोलीस मोटारींच्या वेगाचा हिशेब मांडला. सुमारे आठशे पोलीस ताशी ९० ते १३० मैल वेगाने गेल्याचे त्यात उघड झाले, आणि त्यांतील अनेक जण त्या वेळी कामावर नव्हते. या लेखमालेस २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पोलिसाने पोलिसास सोडून देणे हा बंधुभाव म्हणून खपविला जातो. आमच्या मते हा बंधुभाव नव्हे. त्याची किंमत रस्त्यावरचा पादचारी मोजतो, आणि सर्वांना एकच नियम लावू पाहणारा सरळमार्गी शिपाईही मोजतो. वर्गनायकाने फळ्यावर आपल्या मित्राचे नाव लिहिण्याचे टाळले की वर्गाची शिस्त त्याच दिवशी संपते, हे शाळेत शिकविलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

आता कॅमेरेच ई-चलन पाठवितात आणि कॅमेऱ्याला खाकी रंग ओळखता येत नाही, असे समाधान कोणी मानील. परंतु चलन वसूल करणे वा रद्द करणे अखेर माणसांच्याच हाती राहते. म्हणून आमची मागणी साधी आहे. २१० ब खाली किती जणांना दंड झाला, पोलीस वाहनांवरील किती चलने रद्द झाली व का, हे प्रत्येक पोलीस दलाने दरवर्षी जाहीर करावे. गुन्हेगाराच्या पाठलागावरील वाहनास सवलत असणे रास्तच आहे. मात्र तिचीही नोंद असावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे नागरिकांना हे विचारता येते. पण विचारण्याची वाट सरकारने पाहू नये.

चौकातला शिपाई आपल्या साहेबाच्या भरधाव मोटारीसही निर्भयपणे हात दाखवील आणि दुसऱ्या दिवशी त्याची बदली होणार नाही, तेव्हाच हे कलम कागदावरून रस्त्यावर आले असे आम्ही म्हणू.