दाखला देणाऱ्यालाही शिकवा



सरकारी काम वेळेत झाले नाही, की चर्चा दंडावर येऊन थांबते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार पुरेशा व वाजवी कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. पण ज्याला नियमच धड ठाऊक नाही त्याचे काम दंडाने कसे सुधारेल? ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष अर्ज हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण तितक्याच गांभीर्याने घेतल्याखेरीज हा कायदा गावापर्यंत पोहोचणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

जन्मनोंदीचेच पाहा. गावात ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच जन्म-मृत्यूचा निबंधक. 1969 च्या नोंदणी कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागणार आहे. त्यामुळे नोंदीतली एका अक्षराची चूकही आता मुलाला जन्मभर नडेल. ती सुधारण्याची वाट त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे: खात्री पटल्यावर मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करायची आणि निबंधकाने तारखेसह सही करायची. बाळाचे नाव न घालता नोंद झाली असेल, तर ते 15 वर्षांपर्यंत घालता येते. ज्याला हे माहीत आहे तो काम तिथल्या तिथे करतो. ज्याला माहीत नाही तो, उगाच अंगाशी यायला नको म्हणून, माणसाला तालुक्याला पिटाळतो, आणि अशा प्रत्येक खेपेला मजूर आईबापांचा रोज बुडतो. नकाराचेही तसेच. अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यायचे, अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे तेही कळवायचे, असे 2015 चा कायदा सांगतो. ‘त्रुटी आहे’ एवढा शेरा म्हणजे कारण नव्हे. नियमाला धरून नकार कसा लिहायचा, हेसुद्धा शिकवावे लागते.

पदे रिक्त आहेत, एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावे आहेत, मग प्रशिक्षणाला जायचे कोणी, असे विचारले जाईल. अडचण खरी आहे. म्हणूनच मी आठवडाभराची शिबिरे मागत नाही. पंचायत समितीत ग्रामसेवकांच्या बैठका होतातच. तिथे महिन्यातून दोन तास तालुक्यात परत गेलेले अर्ज समोर ठेवून चर्चा व्हावी, आणि तिला कंत्राटी संगणक परिचालकांनाही बसवावे, कारण पुष्कळ अर्ज आधी त्यांच्याच हाती पडतात. ऑनलाइन सेवेमुळे याची गरज उरली नाही, हेही पटत नाही. पोर्टल कागद पुढे पाठवते, तो पुरेसा आहे की नाही हे माणूसच ठरवतो.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: या कर्मचाऱ्यांना सगळे ठाऊक असते, अडवणूक चिरीमिरीसाठी होते. काही ठिकाणी तसे होतही असेल. पण अशा ठिकाणी तर प्रशिक्षणाची लेखी नोंद अधिकच हवी. आज ‘नियम माहीत नव्हता, वरून मार्गदर्शन मागवले होते’ हे कारण अपिलात पुढे करता येते. तोच नियम अमुक तारखेला शिकवल्याची सही दप्तरी असेल, तर ‘वाजवी कारण’ म्हणून दाखवायला अडवणाऱ्याकडे काही उरणार नाही आणि दंड टिकेल.

– एक वाचक