‘सापडला नाही’ असे लिहा!

गेल्या हिवाळ्यातील एक दुपार. सेमिनरी हिल्सच्या उतारावर एका झाडाखाली आम्ही तिघे मित्र पालापाचोळा उपसत बसलो होतो. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काडी. जवळच्या बंगल्याचा चौकीदार बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी त्याच्याने राहवले नाही.

“काय पाहून राहिले रे पोरंहो? पैसे पडले काय?”

“नाही काका, डबा शोधून राहिलो.”

“कोणाचा?”

“माहीत नाही.”

“अन् आत काय राहते?”

“काही नाही. एक वही राहते. सापडला की तिच्यात नाव लिहायचं, अन् डबा होता तिथंच ठेवून द्यायचा.”

चौकीदाराने मान हलवली आणि तो निघून गेला. आमच्या शिक्षणाविषयी त्याचे मत त्या दिवशी निश्चितच वाईट झाले असणार!

त्याला वेडेपणा वाटला त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यामुळे पूर्वी शंभरेक मीटरपर्यंत चुकणारे यंत्र आता थोड्या मीटरांत जागा दाखवू लागले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातील डेव्ह उल्मर या गृहस्थाने रस्त्याकडेच्या झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपलेले आहेत. एकाने ठेवायचा, दुसऱ्याने शोधायचा, आणि सापडला की नाही ते खेळाच्या सामायिक नोंदीत लिहायचे. सारा खेळ एवढाच.

परंतु डबे हरवतात. पावसात वाहून जातात, माकडे नेतात, झाडूवाला कचरा समजून उचलतो. कधी ठेवणारा गाव सोडून जातो आणि डबा बेवारस होतो. अशा डब्याचे काय करावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तसाच वाटला होता.

दोन तास शोधूनही आम्हाला काही मिळाले नाही. नोंदीत ‘सापडला नाही’ असे लिहून घरी जाणे एवढेच काम उरले होते. पण माझा मित्र म्हणाला, “अबे, एवढं उन्हातान्हात आलो ते काय असंच? आपलाच एक डबा ठेवून देऊ ना. नाही तरी जुना गेलाच हाय. पुढच्याची सोय होते.” मी विरोध केला नाही. खरे सांगायचे तर मला ती कल्पना आवडलीच. त्याच्या पिशवीत चिवड्याचा एक प्लास्टिकचा डबा होता. चिवडा आम्ही खाल्ला, डबा पुसला, माझ्या वहीची चार पाने फाडून आत घातली, पहिल्या पानावर तिघांनी सह्या केल्या आणि डबा मुळाशी खोचून दिला. नोंदीत लिहिले, ‘सापडला. छान जागा!’

दीड महिन्याने त्याच नोंदीखाली एका अनोळखी गृहस्थांचा मजकूर आला. ते दुसऱ्या गावचे. गाडी बदलण्यासाठी नागपूरला त्यांना पाच तास थांबायचे होते. त्यांची मुलगी पूर्वी इथे शिकायला होती. तिने त्या डब्यातील वहीत सही केली होती. ती आता परदेशात असते. तिची सही पाहावी म्हणून ते स्टेशनावरून रिक्षा करून टेकडीवर गेले होते. त्यांनी लिहिले होते, ‘डबा मिळाला. परंतु आतील वही नवीन दिसते. जुनी वही कुठे आहे, हे कोणी सांगू शकेल काय?’

मित्रहो, त्या दोन ओळींत कोठेही राग नव्हता. असता तर बरे झाले असते. आमच्या ‘सापडला’ या एका शब्दावर विश्वास ठेवून एक मनुष्य भर दुपारी टेकडी चढला होता, आणि हाती काय आले, तर माझ्या वहीची चार पाने! आम्ही ‘सापडला नाही’ असे लिहिले असते तर ते कदाचित गेले नसते. गेले असते तरी मनाची तयारी करून गेले असते.

येथे कोणी म्हणेल, यात एवढे काय बिघडले? ठेवणाऱ्याला फुरसत नाही, डबा गेलेला आहे, खेळ तर चालू राहिला पाहिजे. मग कोणी पदरमोड करून नवा डबा ठेवला तर तो उपकारच नव्हे का? या म्हणण्यात काही तथ्य आहे. भिजलेली वही पाहून कोणी कोरा कागद आत ठेवला आणि तसे नोंदीत लिहिले, तर ती मदतच आहे. ठेवणाऱ्याला विचारून, त्याच्या संमतीने नवा डबा ठेवला तर तीही मदत. आम्ही मात्र कोणाला विचारले नव्हते आणि कोणाला सांगितलेही नव्हते. शिवाय जुना डबा गेलाच आहे, हे आम्ही कशावरून ठरवले? मोबाइल काही मीटर चुकतो, झाडीत अधिकच चुकतो. आम्हाला दिसला नाही एवढेच खरे होते. आपल्याला न दिसलेली वस्तू जगातून नाहीशी झाली, असे मानण्याचा अहंकार मात्र आमच्यापाशी भरपूर होता.

या खेळाचे नियम मी नंतर वाचले. (आधी वाचावे, ही बुद्धी आपल्याला परीक्षेतही होत नाही.) ज्याने डबा ठेवला त्यानेच तो सांभाळायचा. ‘सापडला नाही’ अशा नोंदी साचल्या की खेळाचे स्वयंसेवक परीक्षक तो डबा तात्पुरता बंद करतात आणि मालकाला साधारण महिनाभराची मुदत देतात. उत्तर आले नाही तर डबा कायमचा निवृत्त होतो. त्याचे पान मात्र पुसले जात नाही. जुन्या साऱ्या नोंदी वाचता येतात. मालकानेही निवृत्त डबा रानात कुजत टाकू नये, उचलून न्यावा, अशी अपेक्षा असते. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. मात्र ती चालते केवळ ‘सापडला नाही’ या नोंदीवर. आमच्यासारखे लोक खोटे ‘सापडला’ लिहू लागले, की बेवारस डबाही कागदोपत्री जिवंत राहतो. उल्मरची ती पहिली बादलीही आज जागेवर नाही. २००३ पासून तेथे एक फलक आहे. बादली येथे होती, असे तो फलक सांगतो. ती अजून आहे, असा आव आणत नाही.

हे सारे नागपूरकरांना परके वाटू नये. आपल्या झीरो माइलचा स्तंभ आणि ते चार घोडे आपण रोज पाहतो. २०२१ पासून तर मेट्रोचे स्टेशनही त्या नावाने उभे आहे. तेथील दगडावर १९०७ हे साल आणि गावोगावची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८ मैल. ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी ही खूण जोडलेली आहे, ते १८०२ मध्ये मद्रासेजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असतानाच जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? मीही पाहिलेली नाही.

या सर्वेक्षणातील एक रीत मला फार शिकवून गेली. मुख्य ठाण्यांवर खुणेचा एक दगड वर दिसेल असा बसवीत, आणि नेमका त्याच्याच खाली दुसरा दगड पुरून ठेवीत. वरचा कोणी उखडला, तरी खालच्यावरून तोच बिंदू पुन्हा मिळावा, हा हेतू. खूण हरवणार, हे त्यांनी आधीच धरून ठेवले होते. हरवल्यावर अंदाजाने शेजारी दुसरा दगड रोवला असता, तर त्या चुकीच्या दगडावरून पुढचे सारे त्रिकोण चुकत गेले असते. हरवलेली खूण निदान माणसाला सावध करते; खोटी खूण त्याला निश्चिंतपणे भलतीकडे नेते.

आमच्या खेळात खाली पुरलेला दगड नसतो. तेथे खालचा दगड म्हणजे प्रत्येकाने खरेपणाने लिहिलेली नोंद, आणि तोच दगड आम्ही त्या दुपारी उखडला होता.

‘सापडला नाही’ असे लिहायला आपल्याला इतके जड का जावे? मला वाटते, तो आपल्याला आपला पराभव वाटतो. लहानपणापासून रिकामी सोडलेली ओळ म्हणजे शून्य गुण, असेच आपण शिकलो. म्हणून उत्तर येत नसले तरी काहीतरी खरडून यायचे, हजेरीत नसलेल्या मित्राची ‘हजर सर’ म्हणून सोय करायची, आणि न वाचलेल्या पुस्तकावर चार पाने लिहायची. हेही चिवड्याचे डबेच आहेत. गुरुजन रागावणार नाहीत, या भरवशावर लिहितो.

शेवटी आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. आम्ही आमची नोंद बदलली. ‘सापडला नाही; सध्याचा डबा आमचा आहे, चूक झाली,’ असे लिहिले आणि त्या गृहस्थांना वेगळे पत्र धाडले. त्यांचे उत्तर आले नाही, आणि ते यावे असा आमचा हक्कही नव्हता. मूळ मालक गाव सोडून गेला असावा. मुदत संपली आणि डबा निवृत्त झाला. आमचा डबा आणायला आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. तोच चौकीदार उभा होता.

“सापडला काय रे?” त्याने विचारले.

“नाही काका,” मी म्हणालो, “नाही सापडला.”

आणि आश्चर्य म्हणजे, ते म्हणताना मला काहीच जड गेले नाही.