आधी हात बघा

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आदल्या काही दिवसांत मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं घेतली होती. अशा यशानंतर घराघरांत नेमबाजीची चर्चा होणारच. रावेत-पुनावळ्याच्या नव्या सोसायट्यांतल्या पालकांना बालेवाडीची शूटिंग रेंज तशी हायवेवरून हाकेच्या अंतरावर. मुलं खेळाकडे वळत असतील तर आनंदच आहे. खटकतो तो पालकांचा पहिला प्रश्न : ‘कोणत्या कंपनीचं पिस्तूल घेऊ?’

या प्रश्नात मूल कुठेच नाही. त्याच्या बोटांची लांबी, मनगटाची ताकद, डावा-उजवा हात यांचा विचार न करता लाखाच्या पुढची खरेदी ठरते आणि मग त्या पिस्तुलाला मुलाने जुळवून घ्यावं अशी अपेक्षा असते. खरा क्रम नेमका उलटा आहे.

दहा मीटर एअर पिस्तूल हा खेळ एका हाताचा. दुसऱ्या हाताचा टेकू चालत नाही, मनगटाला कसला आधार चालत नाही. मोठ्यांच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट्स आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचं. नियमाने पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत चालतं, ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम लागतो. प्रत्यक्षात स्पर्धेची बरीचशी पिस्तुलं किलोभराच्या आसपास असतात. किलोभर साखर हातात धरणं वेगळं आणि तेवढंच वजन हात पूर्ण लांबवून, श्वास आवरून, पुन्हा पुन्हा स्थिर धरणं वेगळं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा अर्ध्या तासात उतरू लागतो. मग तो कंबर वाकवतो, मनगट मोडतो, ट्रिगर घाईने ओढतो. लागलेली ही खोड काढायला पुढे प्रशिक्षकाची वर्षं जातात. अशा मुलाला आखूड बॅरलचं, हलकं पिस्तूल हवं. त्यातही नुसता वजनकाटा बघून भागत नाही. वजन नळीच्या टोकाकडे किती आणि मुठीकडे किती, यावर ते हाताला जड की हलकं वाटतं हे ठरतं.

सगळ्यात महत्त्वाची ग्रिप. स्पर्धेच्या पिस्तुलाची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी मिळते. तळहाताखालची पट्टी वर-खाली सरकवता येते. माप जुळतं का, हे बघायची साधी रीत रेंजवर कुणीही दाखवेल. रिकामं पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून उचलायचं, डोळे मिटायचे, हात जिथे सहज स्थिरावेल तिथे स्थिरावू द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला, तर ग्रिप हाताची आहे. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल, तर दोष नेमाचा नाही, ग्रिपचा आहे. दुसरी खूण ट्रिगरवर. बोटाचं पहिलं पेर सहज पोचून सरळ मागे ओढता आलं पाहिजे. बोट ताणावं लागलं की ट्रिगरबरोबर पिस्तूलही हलतं. जाणते नेमबाज लाकडी ग्रिप कानशीने घासून, कमी पडेल तिथे पुट्टी भरून आपल्या हाताची करून घेतात. कानस आणि फिटिंग म्हणजे काय, हे चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कुणाला शिकवायला नको.

‘ग्रिप काय, नंतर बदलू,’ असं कुणी म्हणेल. ग्रिप बदलता येते हे खरं. पण वजन आणि तोल किती बदलणार? आणि परदेशी ग्रिप येईपर्यंत चुकीची पकड पक्की झालेली असते, त्याचं काय?

एकच पिस्तूल आयुष्यभर पुरेल हाही भ्रम आहे. कोल्हापूरची राही सरनोबत पुण्यातल्या २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकली आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. तिचा प्रकार २५ मीटरचा. तिथे पिस्तूल पॉइंट टू-टू कॅलिबरचं, ट्रिगर किमान एक किलोचा, शिवाय शस्त्र परवान्याच्या कक्षेतलं. म्हणजे मूल पुढे गेलं तर पिस्तूल बदलणारच. महागडं यंत्र दगा देत नाही असंही नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनूच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला आणि हातची मोलाची मिनिटं गेली.

तेव्हा घाई कशाची? पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर काढावेत, तीन-चार प्रकारची हाताळून बघावीत, खरेदी प्रशिक्षकाच्या सल्ल्याने करावी. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन कॅलिबरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून ते खेळणं ठरत नाही. घरी ते कुलपात हवं, रीलमध्ये नको. हातात पिस्तूल घेऊन मिरवणाऱ्यांची या पट्ट्यात आधीच कमतरता नाही.

मात्र सगळा भार पालकांवर टाकून चालणार नाही. क्लबात एकाच मापाची, तीही उजव्या हाताची पिस्तुलं असतील, तर लहान पंजाच्या मुलीने आणि डावखुऱ्या मुलाने हाताळून बघायचं तरी काय? क्लब, शाळा आणि महापालिका यांनी साहित्य घेताना चकचकीत पिस्तुलांची संख्या एक-दोनने कमी करावी आणि त्या पैशांत सगळ्या मापांच्या, डाव्या-उजव्या ग्रिप ठेवाव्यात. उद्घाटनाच्या फोटोत ग्रिपची पेटी उठून दिसत नाही, हे मान्य. पण कोणत्या मुलाला हा खेळ जमतो हे त्या पेटीवाचून कळायचं नाही, आणि माप न जुळल्यामुळे सोडून गेलेलं मूल ‘त्याला जमलं नाही’ याच खात्यावर जमा होत राहील.