टाकणखार आणि प्रयोगशाळेचं कुलूप

सोनार दागिना झाळताना लावतो तो टाकणखार, उर्दूत सुहागा. 'बोरॅक्स' हे त्याचं इंग्रजी नाव अरबी 'बौरक'वरून आलं, हे आपण अभिमानाने सांगतो.

पण त्याच खारातल्या बोरॉनपासून १९८०च्या दशकात चेन चुआंगतियान आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी बेरियम बोरेटचा स्फटिक शोधला. १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य लेसर त्यातून गेला की काही प्रकाशाची तरंगलांबी निम्मी होते आणि हिरवा किरण दिसतो. हे यश शब्दाच्या वारशाचं नाही, प्रयोगाचं आहे.

शहापूर-मुरबाडच्या आपल्या मुलामुलींना, माध्यम उर्दू असो की मराठी, पूर्वजांच्या गौरवकथा भरपूर मिळतात. परीक्षानळी मिळते का? पुढच्या पालकसभेत गुणांआधी एवढंच विचारा: प्रयोगशाळेचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं?