घर आपले, मग दलालीचा दर दलालाने का ठरवावा?

बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर या गावांत आपल्या समाजाच्या पहिल्या नोकरदार पिढीने घरे बांधली. जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, एस.टी.चे वाहक, टपाल खात्यातले लोक. पतसंस्थेचे कर्ज, भविष्य निर्वाह निधीतली उचल आणि बायकोच्या अंगावरचे चार दागिने यांतून या भिंती उभ्या राहिल्या. आता मुले पुण्याला, नागपूरला स्थायिक झाली, म्हातारपणी जिना चढवत नाही, म्हणून त्यातली बरीच घरे विकायला निघाली आहेत. विकण्यात कमीपणा काही नाही. बाबासाहेबांनीही १९४१ मध्ये 'चार मिनार' ही आपली इमारत विकली आणि 'राजगृह' ठेवले. प्रश्न वेगळा आहे. आयुष्याची कमाई विकताना मधला माणूस त्यातला किती हिस्सा नेणार आणि तो कोणी ठरवायचा?

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका सेवानिवृत्त गुरुजींचे उदाहरण सांगतो. घराचा सौदा २४ लाखांत झाला. दलाली तोंडी ठरली होती दोन टक्के, म्हणजे ४८ हजार. रजिस्ट्रीच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर, दलालाने पाच टक्के मागितले. म्हणजे एक लाख २० हजार. वर १८ टक्के जीएसटी, २१ हजार ६००. असे एकूण एक लाख ४१ हजार ६०० रुपये. कारण विचारले तर म्हणाला, "गुरुजी, तुमचं आडनाव ऐकून गिऱ्हाईक फिरतं. मला दुप्पट फिरावं लागलं." याच दलालाने गिऱ्हाईक घर पाहायला यायच्या आधी बैठकीतला बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो काढून ठेवायला सांगितले होते. "भाव चांगला येईल," असे त्याचे म्हणणे. गुरुजींनी फोटो काढला नाही. तरी घर विकले गेले, ठरल्या भावात विकले गेले. मग जातीच्या नावाने लावलेले हे जादा तीन टक्के कशाचे?

हा आमच्या मते साध्या नफेखोरीच्या पलीकडचा मुद्दा आहे. बौद्धाचे घर म्हणून खरेदीदार भाव पाडून मागतो, हा पहिला फटका. बौद्धाचे घर विकायला त्रास होतो म्हणून दलाल जास्त मागतो, हा दुसरा. एकाच अस्पृश्यतेची किंमत एकाच माणसाकडून दोनदा वसूल होते आणि तिला 'मार्केटचा रेट' असे सभ्य नाव मिळते.

आता कायद्याकडे येऊ, कारण संतापाने पावती मिळत नाही. पुष्कळांचा समज असा की महारेरा आली म्हणजे दलाल वठणीवर आले. रेरा हा २०१६ चा कायदा. त्याच्या कलम ९ प्रमाणे विकासकाच्या प्रकल्पातील प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, आणि २०२३ मध्ये महारेराने अशा एजंटांना प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली. नव्या ले-आऊटमधला प्लॉट कोणी दाखवत असेल तर त्याचा महारेरा क्रमांक जरूर मागावा. पण गुरुजींचे घर हा प्रकल्प नाही. २५ वर्षांपूर्वी बांधलेले घर एका माणसाने दुसऱ्याला विकले, तर तो व्यवहार या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. शिवाय दलाली किती टक्के घ्यावी हे रेराही सांगत नाही. एक टक्का, दोन टक्के हा रिवाज आहे, कायदा नव्हे. "सरकारी रेट पाच टक्के आहे," असे कोणी म्हणत असेल तर तो धडधडीत खोटे बोलतो आहे.

मग विक्रेत्याच्या हातात काय आहे? करार. १८७२ चा भारतीय करार कायदा जुना आहे, पण इथे तोच कामाचा. दलाल हा तुमचा अभिकर्ता आहे, मालक तुम्ही. कलम २१९ म्हणते की वेगळे ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मेहनताना देय होत नाही. सौदा मोडला, रजिस्ट्री झाली नाही, तरी "माझी निम्मी दलाली द्या" म्हणणाऱ्याला आधी तसे ठरले होते हे सिद्ध करावे लागेल. कलम २२० प्रमाणे गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्याला त्या कामाचा मेहनताना मागता येत नाही. तोंडी करारही करारच असतो. पण पाच टक्के ठरले होते असे जो म्हणतो, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. म्हणून मोबाईलवर "दोन टक्के नक्की ना?" एवढा संदेश पाठवून त्याचे उत्तर घेतले तरी पुढे कोर्टात ते बोलते. स्टँप पेपरच पाहिजे असे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली एक तरतूद आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. सेवा देणाऱ्याने उभयपक्षी ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेतली, तर ती तक्रारीची बाब आहे, असे कलम २(६) मध्ये स्पष्ट लिहिले आहे. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे बुलढाण्यात, तक्रार दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, मुदत दोन वर्षांची. पण शब्द पाहा, 'ठरलेल्यापेक्षा जास्त'. आधी काही ठरलेच नसेल तर काय दाखवणार? आणि पाच टक्क्यांवर डोळे मिटून सही केली असेल तर नुसते 'महाग पडले' म्हणून आयोग फारसे काही करू शकणार नाही. हे कटू आहे, पण खरे आहे.

आपल्या भागातल्या आणखी दोन खोडी. पहिली, "तुम्हाला हातात २० लाख देतो, वरचे माझे." गिऱ्हाईक २३ देते आणि विक्रेत्याला पत्ताच नसतो. अभिकर्त्याने मालकाच्या वतीने घेतलेल्या पैशाचा हिशोब द्यायचा असतो, हे कलम २१३ आणि २१८ सांगते. 'वरचे माझे' हे मान्यच करू नये. खरेदीदाराला समोर बसवून त्याच्या तोंडून भाव ऐकावा. दुसरी खोडी जास्त घातक. दलाल स्वतःच्याच नावाने इसारचिठ्ठी करतो, सहा महिन्यांची मुदत घेतो, त्या मुदतीत दुसरे गिऱ्हाईक शोधतो आणि फरक खिशात घालून वर तुमच्याकडून दलालीही मागतो. अरे, तू खरेदीदार की दलाल? मालकाला न सांगता अभिकर्ता स्वतःच खरेदीदार बनला, तर महत्त्वाची गोष्ट लपवल्याचे किंवा मालकाचे नुकसान झाल्याचे दाखवून मालक तो व्यवहार नाकारू शकतो, असे कलम २१५ आहे.

मूळ कागद दलालाकडे कधीही देऊ नयेत. खरेदीखत, नझूलची कागदपत्रे, नमुना ८, टॅक्स पावत्या, सगळ्यांच्या झेरॉक्स द्याव्यात. कारण कलम २२१ प्रमाणे देय असलेल्या मेहनतान्यासाठी अभिकर्त्याला कागद अडवून धरण्याचा अधिकार मिळू शकतो, आणि किती देय आहे यावरच तर भांडण असते. ओळख पटवणारे आणि साक्षीदार आपले आपण न्यावेत. दलालाची माणसे साक्षीला असली की "आधी माझा हिशोब, मग अंगठा" हे दडपण सुरू होते. दस्तात पक्षकार दोन, विकणारा आणि घेणारा. दलाल उठून गेला म्हणून रजिस्ट्री अडत नाही. आणि निम्मी किंमत रोख, कागदावर निम्मी, असा व्यवहार करणाऱ्याने नंतर दलालाविरुद्ध दाद मागायची तरी कोणत्या तोंडाने? दलालाला नेमके हेच हवे असते.

गुरुजींनी काय केले? ४८ हजारांचा चेक नोंदणीकृत डाकेने पाठवला. सोबत आमची नोटीस. पाच टक्क्यांचा लेखी पुरावा द्यावा, जीएसटी मागता तर नोंदणी क्रमांक द्यावा, मिळालेल्या रकमेची पावती द्यावी. जीएसटी क्रमांक नव्हताच. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर वसूल करता येत नाही. चेक वटला, पावती आली, जादा रकमेचा दावा काही आला नाही. ती पावती गुरुजींना आयकराच्या वेळीही उपयोगी पडली, कारण विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा होते.

सगळेच दलाल लुटारू आहेत असे आमचे म्हणणे नाही. गिऱ्हाईक शोधणे, नकाशे काढणे, बँकेत हेलपाटे घालणे हे कष्टाचे काम आहे, आणि या धंद्यात आपलीही कितीतरी सुशिक्षित बेकार पोरे आहेत. त्यांना दोन टक्के हक्काने मिळाले पाहिजेत. मात्र "जय भीम, आपल्या-आपल्यात कशाला लिहायचं?" म्हणून कागद टाळणारा आपला दलालही तितकाच संशयास्पद समजावा. आपल्या-आपल्यात तर आधी लिहावे.

खामगावच्या बाजार समितीत आडत कोणी किती घ्यायची याला नियम आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आकांत केला, तरी निर्णय झाला. हरियाणात २००८ पासून मालमत्ता दलालांसाठी स्वतंत्र कायदा आहे, परवान्याशिवाय तिथे धंदा करता येत नाही. भाजीच्या जुडीवरच्या आडतीला नियम आणि २४ लाखांच्या घरावरच्या दलालीला नाही, हे महाराष्ट्रात किती दिवस चालायचे? जुन्या घरांची विक्री करून देणाऱ्या दलालांनाही नोंदणी लागावी, दलालीला कमाल मर्यादा असावी, आणि खरेदीखतातच दलालाचे नाव व दोन्ही बाजूंनी दिलेली दलाली लिहिण्याचा रकाना असावा. तो रकाना आला की जातीच्या नावाने लावलेले जादा टक्के कागदावर दिसतील. जिल्ह्यातल्या आमदारांना या मागणीचे निवेदन द्यायला तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी येत्या अधिवेशनाआधीच जावे.