आधी करंट नीट मोजा

मोटर कमी वेगावर थरथरते, करंटची लहर वाकडी दिसते, भार एकदम आला की ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. यावर हल्ली ठरलेला सल्ला मिळतो: स्विचिंग वाढवा, आयजीबीटी काढून सिलिकॉन कार्बाइड घाला, जुना पीआय कंट्रोलर टाकून प्रेडिक्टिव्ह कंट्रोल आणा. माझे म्हणणे नेमके उलट आहे. करंटचे नियंत्रण बिघडते ते बहुतेक वेळा कंट्रोलर मंद असतो म्हणून नव्हे. त्याला करंट चुकीचा सांगितला जातो आणि त्याने मागितलेले व्होल्टेज मोटरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते बिघडते. तराजूतच पासंग असेल, तर भराभर वजने टाकणारा हुशार गडी काय कामाचा?

पहिला दावा वेगाचा. स्विचिंगची वारंवारता वाढवली की विलंब कमी होतो, करंटमधला रिपल घटतो, हे खरेच. पण इन्व्हर्टरच्या एका लेगमधला वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू राहिले तर डीसी बस शॉर्ट होते. म्हणून दर बदलाच्या वेळी दोन्ही स्विच दोनेक मायक्रोसेकंद बंद ठेवावे लागतात. हा डेड-टाइम. तेवढ्या वेळात फेजचे व्होल्टेज आपण ठरवत नाही, करंटची दिशा ठरवते. आकडेच मांडू. ४१५ व्होल्टचा तीन फेज पुरवठा रेक्टिफाय केला की बसवर सुमारे ५८७ व्होल्ट येतात. १० किलोहर्ट्झला एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचे. त्यातले २ गेले, की सुमारे १२ व्होल्टची चूक. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची मोटर २ हर्ट्झवर फिरवायची तर फेजला, वाइंडिंगच्या रोधातली घट सोडली तर, जेमतेम १० व्होल्ट लागतात. म्हणजे चूक मागणीएवढी! आता स्विचिंग २० किलोहर्ट्झ करा. डेड-टाइम तोच, चूक २४ व्होल्ट, आणि स्विचिंगची उष्णता दुप्पट. सिलिकॉन कार्बाइडमध्ये डेड-टाइम बराच कमी ठेवता येतो, हा प्रतिवाद मला मान्य आहे. पण त्याचे व्होल्टेज इतक्या झपाट्याने चढते, की इन्सुलेशन आणि बेअरिंग दोन्हींवर ताण येतो. लांब केबलने जुन्या मोटरला असा इन्व्हर्टर जोडणाऱ्याने तो खर्चही हिशेबात धरावा.

दुसरा दावा अल्गोरिदमचा. पीआय कालबाह्य झाला, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास थोडा आठवावा. रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या रूपांतराने फिरणाऱ्या एसी राशी स्थिर राशींसारख्या हाताळता येतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी सीमेन्समधल्या फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडलेले फील्ड ओरिएंटेड कंट्रोल याच विचारावर उभे राहिले. १९८६ मध्ये ताकाहाशी आणि नोगुची यांनी डायरेक्ट टॉर्क कंट्रोल पुढे आणले; त्यात करंटचा पीआय लूपच नाही. मग दुखणे गेले का? नाही. तिथे फ्लक्सचा अंदाज व्होल्टेजचे इंटिग्रेशन करून काढतात, आणि ते व्होल्टेज बहुधा बसचे माप आणि स्विचची स्थिती यांवरून मानलेले असते. कमी वेगावर डेड-टाइमची तीच चूक या अंदाजात शिरते. प्रेडिक्टिव्ह कंट्रोलची भिस्त तर मोटरच्या मॉडेलवर. तांब्याचा रोध १०० अंशांच्या तापमानवाढीने जवळजवळ ४० टक्के वाढतो. लोखंड संपृक्त झाले की इंडक्टन्स उतरतो. चुकीच्या मॉडेलवरून वर्तवलेले भाकीत कितीही वेगाने काढले, तरी चुकीचेच.

मापनाकडे तर कोणी बघतच नाही. करंट सेन्सरमध्ये थोडा ऑफसेट राहिला, तर टॉर्क मोटरच्या विद्युत वारंवारतेने हेलकावतो. दोन फेजच्या सेन्सरांचे गेन जुळत नसतील, तर हेलकावा दुप्पट वारंवारतेचा असतो. हा हेलकावा कंट्रोलरला दिसत नाही. उलट, स्वतःला दिसणारा करंट सरळ करण्याच्या नादात तोच तो निर्माण करतो! अशा वेळी त्याचा वेग वाढवणे म्हणजे त्याला चूक अधिक निष्ठेने करायला लावणे.

मग करायचे काय? दर स्टार्टला, मोटर थांबलेली असताना, ऑफसेट शून्य करा. सॅम्पल पीडब्ल्यूएमच्या कॅरियरच्या शिखरावर किंवा तळाशी घ्या. तिथे स्विचिंगचा रिपल आपोआप टळतो. डेड-टाइमची भरपाई करा, पण आंधळेपणाने नको. करंटचे चिन्ह बघून ठरावीक व्होल्टेज मिळवणारी भरपाई शून्याजवळ फसते; तिथे नॉइजमुळे चिन्ह चुकले, की चूक कमी होण्याऐवजी दुप्पट होते. थांबलेल्या मोटरला लहानमोठे डीसी करंट द्या आणि व्होल्टेज-करंटचा आलेख काढा: सरळ भागाचा उतार म्हणजे रोध, आणि शून्याजवळचे वळण म्हणजे खुद्द इन्व्हर्टरची चूक. ते वळणच भरपाईच्या तक्त्यात घाला. मोटर रिवाइंडिंग होऊन आली, की ऑटोट्यून पुन्हा करा. पाच मिनिटे वाचवायला ती पायरी गाळतात, आणि मग दोष ड्राइव्हच्या कंपनीवर ढकलतात.

प्रतिपक्षाची एक जागा मात्र भक्कम आहे. चार पोल-जोड्यांची मोटर १५,००० आरपीएमवर फिरते तेव्हा विद्युत वारंवारता १,००० हर्ट्झ होते. १० किलोहर्ट्झच्या स्विचिंगला गणना आणि पीडब्ल्यूएम मिळून दीड सॅम्पलचा, म्हणजे १५० मायक्रोसेकंदांचा विलंब लागतो. तेवढ्यात व्होल्टेजचा कोन ५४ अंश पुढे सरकलेला असतो. इथे साधा पीआय डळमळतो. जास्त स्विचिंग किंवा प्रेडिक्टिव्ह पद्धत इथे खरोखर कामाला येते. तरीही पहिला इलाज विलंबाएवढा कोन आधीच पुढे धरण्याचा आणि पार्क यांच्या रूपांतरातल्या डी-क्यू अक्षांमधली वेगासोबत वाढणारी गुंतागुंत फीडफॉरवर्डने काढण्याचा. दोन्ही इलाज चालू प्रोसेसरवर, चालू स्विचवर होतात.

म्हणून नव्या ड्राइव्हची ऑर्डर काढण्याआधी एक करा. फेजला करंट प्रोब लावा, मोटर २-३ हर्ट्झवर चालवा, आणि लहर शून्य ओलांडताना सपाट होते का ते ऑसिलोस्कोपवर बघा. होत असेल, तर खरेदीची फाइल बाजूला ठेवा आणि आधी डेड-टाइमची भरपाई तपासा.