४०४ चे १९७ झाले, आपल्या नेवाडाचं काय?

राजीव गांधींचं सरकार गेलं त्याला आता दोन महिने होत आले. पण डोंगरात बातमी उशिरा चढते आणि चढली की लवकर उतरत नाही. परवा बाजारात चहाच्या टपरीवर दोन गट पडले होते. एक गट खूश, म्हणे बोफोर्सवाला गेला, बरं झालं. दुसरा गट गप्प. त्यात म्हातारी माणसं जास्त. त्यांच्या घरात इंदिराबाईंचा फोटो अजून भिंतीला आहे, बाईचा पोरगा हरला याचं त्यांना खरंच वाईट वाटतंय. आम्ही दोन्हीकडचं ऐकत बसलो होतो. तेवढ्यात भुईमुगाच्या शेंगा विकायला बसलेल्या एका आजीने विचारलं, "मंग आता फॉरेस्टवाले येणार नाहीत का?"

कोणीच उत्तर दिलं नाही. खूश होते ते पण गप्प झाले. या अंकात आम्ही आजीच्या प्रश्नावरच लिहायचं ठरवलं.

आधी हे झालं कसं ते नीट समजून घेऊ, कारण गावात उलटसुलट ऐकू येतं. कोणी म्हणतं राजीव स्वतः हरले. तसं नाही. ते अमेठीतून निवडून आले, त्यांचा पक्ष पडला. १९८४ च्या डिसेंबरात त्यांना ४०४ जागा मिळाल्या होत्या. एवढ्या जागा नेहरूंना मिळाल्या नव्हत्या, इंदिराबाईंनाही नाही. आईला गोळ्या घालून मारलं होतं, लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहरा नवा होता. हा माणूस साफ आहे असं शहरातले लोकही म्हणत होते. सरकारचा रुपया निघतो तेव्हा लोकांपर्यंत पंधरा पैसेच पोचतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आपल्याला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. पंचाऐंशी पैसे कोण खातं हे आपण रोज बघतो, पण पंतप्रधान तोंडाने कबूल करतो हे पहिल्यांदा ऐकलं.

मग १९८७ चा एप्रिल आला. स्वीडन देशाच्या रेडिओने सांगितलं की तोफांच्या सौद्यात दलाली दिली गेली. सौदा चौदाशे कोटींच्या वर, दलालीचा आकडा चौसष्ट कोटी बोलला जातो. त्याच महिन्यात संरक्षणमंत्री व्ही. पी. सिंग बाहेर पडले आणि गावोगाव हेच सांगत फिरले. पुढच्या वर्षी अलाहाबादची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली, तिथूनच हवा फिरली असं म्हणतात. चौसष्ट कोटी म्हणजे किती, हे आपल्याला कळत नाही. पण दलाल म्हणजे काय हे आपल्याला शहरातल्या लोकांपेक्षा जास्त कळतं. चारोळी मिठाच्या भावात नेणारा दलाल आपण लहानपणापासून बघितला आहे.

नोव्हेंबरात निकाल लागला, काँग्रेस १९७ वर आली. उत्तर प्रदेशात पाच वर्षांपूर्वी ८५ पैकी ८३ होत्या, त्या १५ राहिल्या. राजस्थानात एकसुद्धा नाही. शेजारी गुजरातेत २६ पैकी ३. महाराष्ट्रात मात्र ४८ पैकी २८ काँग्रेसच्याच, आणि आपला नंदुरबार तर हलला पण नाही.

इथे आम्हाला थोडं कडू बोलायचं आहे. देशात वारं कुठलंही असो, आपला नंदुरबार हाताचाच. १९७७ साली इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या, तेव्हाही आपल्याकडून काँग्रेसच निवडून गेली. आपले बापजादे वेडे नव्हते. बाई म्हणाल्या गरिबी हटाव, गरीब असं कोणीतरी आपलं नाव घेतलं हेच त्यांना मोठं वाटलं. पण त्याचा परिणाम काय झाला बघा. ज्या कोठ्यातलं धान्य कधी संपणारच नाही असं वाटतं, त्या कोठ्याला कोणी झाकण लावत नाही. पुढारी मतदानाच्या आठ दिवस आधी येतो, गावच्या कारभाऱ्याशी बोलतो, जातो. नेवाडाचं नाव काढलं की म्हणतो, "बघू, वरून आलं पाहिजे." वर तोच, खाली पण तोच, मग येणार कुठून?

आता मुद्द्यावर येतो. मोठा पुढारी लोकांच्या मनातून उतरतो तेव्हा आपल्याला काय मिळतं आणि तो परत चढतो तेव्हा आपलं काय जातं, हे आपल्याच कागदांत लिहिलेलं आहे. तारखा लक्षात ठेवा, पाठ करा म्हटलं तरी चालेल.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणीवर चिडून लोकांनी इंदिराबाईंना पाडलं. त्यानंतर काँग्रेस फुटली, दोन काँग्रेस झाल्या. १९७८ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली तर कोणालाच बहुमत नाही. दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार केलं, ते जुलैत पडलं, आणि शरद पवार जनता पक्षाला घेऊन मुख्यमंत्री झाले. पुलोद सरकार म्हणतात ते हेच. त्या सरकारला सगळ्यांची गरज होती, आपली पण. आणि इकडे भूमिहीनांचे, आदिवासींचे मोर्चे निघतच होते. २७ डिसेंबर १९७८ ला सरकारी ठराव निघाला. ३१ मार्च १९७८ पर्यंतची जी अतिक्रमणं आहेत ती नियमात बसवून कायम करा. आज आपण ज्या कागदावर लढतो तो हा कागद. तो कोणाच्या दयेने निघाला नाही. वरची पकड सुटली होती आणि खालून लोक ओढत होते, म्हणून निघाला.

पुढे बघा. जानेवारी १९८० ला इंदिराबाई परत आल्या, जोरात आल्या, ३५३ जागा घेऊन. फेब्रुवारीत पुलोद सरकार बरखास्त. आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला वनसंरक्षणाचा कायदा लागू. आता जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी पाहिजे. कायदा करताना झाडं वाचवायची असं सांगितलं. झाडं वाचली का ते तुम्ही डोंगराकडे बघून सांगा. आपल्या पुरतं एवढंच झालं की १९७८ च्या ठरावातले दावे कपाटात गेले. विचारायला गेलो की साहेब म्हणतो, ठराव बरोबर आहे, पण ऐंशीचा कायदा आडवा आला.

म्हणजे ठरावापासून कायद्यापर्यंत बावीस महिने दार उघडं होतं. त्या बावीस महिन्यांत ज्यांनी धावपळ केली, पंचनामे करून घेतले, दंडाच्या पावत्या जोडल्या, त्यांच्यातल्या काहींचं काम झालं. बाकीचे म्हणाले, आता आपलं सरकार आलं आहे, ते देईलच. ते अजून वाट बघतायत. आमच्यातल्या एकाच्या घरची गोष्ट सांगतो. बापाने दरवर्षी दंड भरला, पावत्या कुडाच्या खोपटात बांबूच्या नळीत ठेवल्या. एका पावसाळ्यात वाळवी लागली. दाव्याच्या वेळी साहेबाने पावती मागितली. दंड घेणारं खातं तेच, वही त्यांच्याकडे, पण पुरावा आपण द्यायचा. बाप मेला, दावा निकाली नाही. पोरगा तेच नेवाड खेडतो आणि तोच दंड भरतो.

कोणी म्हणेल, तुम्ही एकच बाजू सांगता, बाई जोरात होत्या तेव्हा वेठबिगारी बंद केली ती विसरलात का? नाही विसरलो. आणीबाणीत तो कायदा आला, चांगला कायदा आहे. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदाही १९७५ चाच. पण त्या जमिनीचा ताबा घ्यायला लोकांनाच बांधावर उभं राहावं लागलं ना? आणि त्याच आणीबाणीत नसबंदीचा कोटा पुरा करायला माणसं धरून नेली, सभा घ्यायची चोरी झाली. ज्याला कोणी विचारू शकत नाही असं सरकार एका हाताने देतं, तेव्हा दुसऱ्या हाताकडे पण बघायला पाहिजे.

आता दिल्लीत व्ही. पी. सिंग बसले आहेत. त्यांच्या पक्षाच्या जागा १४३. एका बाजूने भाजपचा टेकू, दुसऱ्या बाजूने डाव्यांचा. भाजप दोनाचे पंच्याऐंशी झाले, रामशिळा फिरवून झाले, हे पण लक्षात असू द्या. राम आपल्यालाही आहे, पण विटेवर नेवाडाचा नंबर लिहिलेला आम्ही बघितला नाही. नव्या सरकारचा मोठा वायदा आहे दहा हजारांपर्यंत कर्जमाफी. मैदानातले शेतकरी खूश आहेत, असू देत. पण आपण हिशोब करू. कर्ज कोणाला मिळतं? ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला. नेवाडाला सातबारा नाही, वनगावातल्या जमिनीला नाही, म्हणून सोसायटी दारात उभं करत नाही, म्हणून आपण सावकाराकडे जातो. सावकाराचं कर्ज दिल्ली माफ करत नाही. मग दहा हजारांतला आपला वाटा किती? शून्य. हे पंधरा पैसे पण नाहीत.

नर्मदेच्या काठच्या आपल्या भावांचं तर आणखी अवघड. सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं जाणार आहेत. धरणाला पर्यावरणाची परवानगी राजीव सरकारने १९८७ च्या जूनमध्ये दिली, अभ्यास पुरे नसताना दिली. आता राजीव गेले म्हणून धरण थांबेल असं कोणी समजत असेल तर गुजरातेत जाऊन जनता दलाच्या चिमणभाई पटेलांचं भाषण ऐकावं. सप्टेंबरात हरसूदला एवढी माणसं जमली, त्यात आपल्याकडचे पण होते. त्या गर्दीचं जे वजन आहे ते दिल्लीत माणूस बदलल्याने येत नाही. आणि बुडणाऱ्या गावांतसुद्धा पहिला प्रश्न तोच, नेवाडाला जमीन मोजणार की नाही? सातबारा नाही म्हणजे तू भूमिहीन, म्हणे. पिढ्यान् पिढ्या ज्वारी पिकवणारा भूमिहीन.

म्हणून आम्ही आनंदही करत नाही आणि रडत पण नाही. आम्हाला एवढंच दिसतं की बारा वर्षांनी दार परत किलकिलं झालं आहे. दिल्लीचं सरकार तीन पायांवर उभं आहे, त्याला कुठलाच पाय गमवायचा नाही. महाराष्ट्रातल्या काँग्रेसला पहिल्यांदा खरी भीती वाटते आहे, कारण शिवसेना-भाजपची युती गावात शिरली. २७ फेब्रुवारीला विधानसभेचं मतदान आहे. आणि गंमत बघा, १९७८ चा ठराव ज्यांच्या सरकारने काढला ते शरद पवार आज परत काँग्रेसमध्ये आहेत, आणि मुख्यमंत्री पण तेच आहेत. त्यांना तर ऐंशीचा कायदा आडवा आला असं सांगून सुटता येणार नाही. ठराव तुमचा होता साहेब, दिल्लीला किती वेळा लिहिलंत ते दाखवा. हा प्रश्न त्यांच्या उमेदवाराला प्रत्येक गावात विचारला पाहिजे. युतीच्या उमेदवारालाही, जनता दलाच्या पण. कोणालाही सोडायचं नाही.

तोंडी उत्तर घ्यायचं नाही. संघटनेने एका पानाचा मजकूर केला आहे. त्यात तीन गोष्टी आहेत: १९७८ पर्यंतची सगळी नेवाडं कायम करण्यासाठी दिल्लीकडे प्रस्ताव, तोपर्यंत उभ्या पिकात गुरं घालणं आणि खोपटी मोडणं बंद, आणि पावती हरवली असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांची साक्ष व खात्याचीच वही पुरावा म्हणून धरायची. उमेदवार सही करेल तर गावात बैठक, नाही करणार तर पाणी पाजून पाठवून द्यायचं. पाहुणा आहे, पाण्याला नाही म्हणायचं नाही. पण ढोल वाजवायचा नाही.

एक अडचण मोठी आहे. निम्मी गावं आत्ता गुजरातेत ऊसतोडीला आहेत. या वेळी अठरा वर्षांच्या पोरापोरींना पण मत आहे, गेल्या नोव्हेंबरात आमच्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा दिलं, आणि तीच पोरं आत्ता कोयता घेऊन बारडोलीकडे आहेत. मुकादम सोडणार नाही, उचल फिटली नाही म्हणेल. ज्यांचे नातेवाईक गेले आहेत त्यांनी निरोप पाठवा, निदान प्रत्येक कोपीतून दोन माणसं तरी मतदानाला आणि त्याआधीच्या बैठकीला यावीत. येण्याजाण्याच्या भाड्यासाठी गावागावांतून ज्वारी गोळा करणं सुरू आहे, एका घरामागे एक पायली.

बैठकीला येताना दंडाच्या पावत्या, जुने समन्स, पंचनामे, जे असेल ते घेऊन या. फाटलेलं असलं तरी आणा, वाळवीने खाल्लेलं पण आणा. आम्ही गावाप्रमाणे यादी करतो आहोत, नाव, नेवाडाचं ठिकाण, कधीपासून खेडता, दंड किती वेळा भरला. आतापर्यंत नऊ गावांची झाली. ज्या गावात लिहिणारं कोणी नाही त्यांनी कळवा, दोन पोरं पाठवतो, त्यांना भाकर आणि रात्री झोपायला जागा द्या.